बापासारखे केस

पिंटूने एवढंच म्हटलं होतं, "अबे टकल्या, टोपी घाल ना बे. तुह्या डोक्सावरून ऊन परतून रायलं. माही शेवंती सुकते ना इकडं."

अमरावतीच्या फुलबाजारातली चार माणसं हसली. मनोजने हातातली झेंडूची टोपली खाली ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली, एक फूल सांडू दिलं नाही. मग तो वळला आणि त्याने पिंटूच्या तोंडावर ठोसा मारला. पिंटू आपल्याच शेवंतीच्या ढिगात उताणा पडला. मनोज त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि मारत राहिला. सुरुवातीला पिंटू शिव्या देत होता. मग नुसते हात आडवे करत होता. मग हातही आडवे येईनात. पांढऱ्या फुलांवर लाल शिंतोडे उडाले आणि त्यांत एक दात पडला, मोगऱ्याच्या कळीएवढा.

मध्ये कोणी पडलं नाही. मनोजचा राग बाजाराला माहीत होता.

त्याचे वडील किसनराव शेजारच्या ओट्यावर गिऱ्हाइकाला हार देत होते. त्यांनी हार बांधून दिले, पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि मगच हाक मारली, "बस झालं बे मन्या. मरून जाईन तो."

मनोज उठला. उजव्या हाताची बोटं सोलून निघाली होती. किसनरावांनी खिशातला कंगवा काढून केसांतून मागे फिरवला आणि पलीकडच्या दुकानदाराला म्हणाले, "हात माह्यावर गेला याचा. केस तेवढे माह्यावर जायाले पायजे होते."

किसनराव साठीला आले होते, पण त्यांचे केस तिशीतल्या माणसाला लाजवतील असे होते. दाट, काळे, तेल लावून मागे वळवलेले. मनोज सत्तावीस वर्षांचा. कॉलेज संपता संपता त्याच्या उशीवर केस दिसू लागले, आणि आता कानांच्या वर एक पट्टा तेवढा उरला होता. तेलं झाली, कांद्याचा रस झाला, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. काही उपयोग झाला नाही. उलट केस गेले तशी एक जुनी गोष्ट उघडी पडली. टाळूच्या डाव्या अंगाला एक व्रण होता. दोन सरळ रेघा, एका टोकाला मिळालेल्या. फळ्यावर कोणी कोन काढून दाखवावा तसा.

लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडला, असं घरात सांगत. डोक्यावर केस होते तोवर ते फारसं कोणाला सांगावंच लागत नव्हतं. आता प्रत्येक स्थळ विचारू लागलं.

परतवाड्याचं एक स्थळ तर जमतच आलं होतं. मुलीच्या काकांनी व्रणाकडे पाहिलं आणि विचारलं, "पडला कसा म्हन्ता?"

"पाय घसरला," किसनराव म्हणाले.

"का चक्कर आली? मिरगी-फिरगी तर नाई ना हो?"

किसनरावांनी चहाचा कप तोंडाला लावला. नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, आणि तो त्यांना नको होता. पाहुण्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. स्थळ मोडलं, आणि मनोजला झटके येतात ही बातमी परतवाडा-अचलपूरच्या बसमध्ये बसून गावोगाव फिरली.

अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा किसनरावांनी परस्पर ठरवून टाकलं. "केस बसवून घे मन्या. आजकाल पॅच भेटते. कोणाले समजत नाई."

"लग्न झाल्यावर समजनच ना?" मनोजची आई भागीरथाबाई म्हणाली. "मंग फसवल्यावानी नाई का होत?"

"तुले इचारलं का कोणी?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मनोजच्या वर्गातला कुंदन राजकमल चौकाजवळ केसांच्या पॅचचं दुकान चालवत होता. त्याने मनोजला खुर्चीत बसवलं आणि टाळूवरचे उरलेसुरले केस मशीनने काढून टाकले. कातडी स्पिरिटने पुसली. मग त्याचा हात थांबला.

"मन्या, पायरीवर पडून असा कोपरा पडते का बे?"

"तू तुहं काम कर."

कुंदनने कापूस पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवला.

मनोजला सगळं आठवत होतं. तो तेव्हा चौथीत होता. सुटीच्या दिवशी ओट्यावर बसून मोगरा तोलत होता. पाव किलोच्या जागी त्याने अर्ध्या किलोचं वजन टाकलं आणि गिऱ्हाईक दुप्पट मोगरा घेऊन गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर किसनरावांनी तेच वजन त्याच्या डोक्यावर फेकून मारलं. लोखंडी, सहा कोपऱ्यांचं. त्यातला एक कोपरा रुतला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईनेच सांगितलं, विहिरीवर पडला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मनोज ते ऐकत होता. नंतर कोणी विचारलं की तोही तेच सांगू लागला.

ते वजन अजून घरात होतं. दुकानात इलेक्ट्रिक काटा आल्यापासून भागीरथाबाई ते दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर ठेवत असे, मांजरीने तोंड घालू नये म्हणून.

कुंदनने दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्ट्या लावल्या, कडेने गम फिरवला आणि पॅच बसवून तळव्याने दाबला. कात्रीने पुढचे केस सारखे केले. "आता पाह्य."

मनोजने पाहिलं. कपाळावर केसांची काळी कड होती. त्याने बोट लावून पाहिलं, मग पूर्ण हात फिरवला. पाच वर्षं तो आरशात फक्त दाढीपुरता पाहत आला होता. त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला.

"डिट्टो किसनकाका!" कुंदन खूश होऊन म्हणाला.

मनोजचं हसू थांबलं. आरशात किसनराव बसले होते. आजचे नव्हेत, तेव्हाचे. ओट्यावर बसलेल्या मुलाने मान वर करून पाहिलेले. केसांची तीच कड, तोच रुंद जबडा, आणि खुर्चीच्या दांडीवर तीच मूठ, बोटांवर खपल्या धरलेली.

"नाई आवडला? काढू का?"

"राहू दे," मनोज म्हणाला. खरं तर आवडला होता, आणि तेच त्याला बरं वाटत नव्हतं.

अकोल्याला डाबकी रोडवर केशरबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा गेल्यावर भाजीच्या दुकानावर त्यांनी मुलीला शिकवलं होतं. मुलगी प्रतीक्षा एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. पोहे झाले, चहा झाला, आणि प्रतीक्षाच्या मामांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं.

वर वारा होता. मनोज पॅच उडू नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. टेप पक्की होती, उडणार नव्हता. पण त्याला भीती वाटत होती.

"मला एकच विचारायचं आहे," प्रतीक्षा म्हणाली. "राग आला की तुम्ही काय करता?"

"राग तर साऱ्याईलेच येते."

"रागाचं नाही हो, हाताचं विचारते मी."

मनोजने उजवा हात खिशात घातला.

"माझ्या वर्गात एक मुलगी आहे," ती म्हणाली. "मी फळा पुसायला हात वर केला की ती दोन्ही हातांनी डोकं झाकते. रोज. मी तिला कधी बोट लावलं नाही. पण वर गेलेला हात डोक्यावरच येतो, हे ती घरून शिकून आलेली आहे. अ, आ, इ शिकायच्या आधी. आता ते विसरायला तिला किती दिवस लागतील, मला माहीत नाही. मला तसं डोकं झाकून राहायचं नाही. म्हणून विचारते."

"मी हात नाई उचलत," मनोज म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा चेहरा जरा सैल झाला. "केस छान आहेत तुमचे. वडिलांवर गेलात."

त्याला त्याच क्षणी दोन्ही गोष्टी सांगाव्या वाटल्या, केसांची आणि हाताची. पण खालून मामांनी हाक मारली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. साक्षगंधाची तारीख त्याच दिवशी ठरली.

साक्षगंधाला दोन दिवस होते. दुपारी मनोज मळ्यातून झेंडूची क्रेट घेऊन घरी येत होता. स्वयंपाकघरात तेव्हा भागीरथाबाई फोनवर बोलत होती. पलीकडून केशरबाई होत्या.

"परतवाड्याकडून कानावर आलं बाई," केशरबाई म्हणत होत्या. "पोराले मिरगी येते, पडला होता म्हन्तात. मायचं मन हाये, म्हून इचारलं."

"नाई वं माय, मिरगी नाई," भागीरथाबाई म्हणाली. "तो पडलाच नव्हता."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने वळून पाहिलं. दारात किसनराव उभे होते.

त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि भिंतीवर फोडला. "पडला नव्हता? मंग काय झालतं त्याले? सांग ना! साऱ्या अकोल्याले सांग!"

पहिली थप्पड कानावर बसली. ती ओट्यावर आदळली, बांगड्या फुटल्या, मनगटात काच घुसली. तिचा धक्का लागून दुधाचं पातेलं आडवं झालं. लोखंडी वजन झाकणासकट खाली पडून गडगडत गेलं. किसनरावांनी तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड ओट्यावर सांडलेल्या दुधाकडे दाबलं. "चाट! तोंड लय चालते ना तुहं? चाट आता!"

मनोजच्या हातातली क्रेट दारातच पडली. तो धावत आला आणि मागून त्याने बापाचे केस मुठीत धरले. तेलाने गुळगुळीत, जाड, मुळापासून पक्के. त्या केसांनी त्याने किसनरावांना ओढलं आणि त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा आपटून त्याचं समाधान झालं नाही. त्याने पुन्हा आपटलं. किसनराव गुरासारखे ओरडले, वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मनोजच्या डोक्याला पंजा घातला. हाताला केस लागले. त्यांनी सगळा जोर लावून ते ओढले.

गोणी फाटावी तसा आवाज झाला. टेपबरोबर कातडीही निघाली. कपाळावरून रक्त मनोजच्या डोळ्यांत उतरलं. किसनराव स्वतःच्याच झटक्याने मागे कोलमडले आणि दुधात बसले. त्यांच्या मुठीत मनोजचे केस होते.

मनोज वाकला. त्याच्या हाताला लोखंडी वजन लागलं. पंजात नेमकं बसलं ते. त्याने हात डोक्याच्या वर नेला. कुठे मारायचं तेही त्याने ठरवलं होतं. डाव्या अंगाला, टाळूवर.

तेवढ्यात त्याला आई दिसली.

ती ओट्याखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळे घट्ट मिटले होते. दोन्ही हातांनी तिने डोकं झाकलं होतं. मनगटातलं रक्त तिच्या भांगात उतरत होतं. ती नवऱ्याला भ्यालेली नव्हती. तो तर खाली पडला होता. त्या घरात या घटकेला वर गेलेला हात एकच होता.

"आई," मनोज म्हणाला. "आई, मी हाव वं."

तिचे हात खाली आले नाहीत. "ठेव ते खाली," ती हातांच्या आडून म्हणाली. "आंधी ठेव."

त्याने वजन जमिनीवर ठेवलं. बोटं उघडायला वेळ लागला. मग तो अंगणात गेला आणि नळाखाली डोकं धरून ओकला.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी किसनराव पॅच हातात घेऊन त्याच्या समोर उभे राहिले. त्यांनी तो शाम्पूने धुतला होता, स्वतःच्या कंगव्याने विंचरला होता. त्यांच्या कपाळावर निळं टेंगूळ होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी केसांची एक बट पुढे ओढली होती.

"लाव. टेप हाये, गम बी हाये. आपण आपल्या हातानं बसवू."

"नाई लावत."

"अबे, काय डोक्सं दिसून रायलं तुहं! रक्ताच्या खपल्या, वरतून थो व्रण. इचारतीन ना लोक."

"इचारू द्या."

"काय सांगशीन?"

"जे हाये ते."

किसनराव दाराकडे वळले. "मी येत नाई मंग."

"नका येऊ."

पण भाड्याची गाडी निघाली तेव्हा ते पुढच्या सीटवर येऊन बसले. आपल्यामागे ही दोघं काय बोलतील, या विचाराने त्यांना घरी बसवेना. पॅच त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. अगदी ऐन वेळी पोराला सुबुद्धी झाली तर म्हणून.

डाबकी रोडवरच्या घरापुढे छोटा मांडव होता. केशरबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या आणि गोंधळल्या. त्यांनी मनोजच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "नवरदेव कुठी हाये?"

"मीच हाव मावशी."

बायकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. केशरबाईंनी त्याचं डोकं पाहिलं. कानापासून कानापर्यंत सोललेल्या कातडीची कड, मध्ये उघडी टाळू, आणि त्यावर तो कोपरा. तरी त्यांनी ओवाळलं, त्याला पाटावर बसवलं. समोरच्या पाटावर प्रतीक्षा बसली.  त्याच्या डोक्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

वऱ्हाडात साक्षगंधाला मुलीकडचे लोक मुलाला टिळा लावून टोपी-दुपट्टा देतात. टोपी डोक्यावर चढली की सोयरीक पक्की. मामांनी पांढरी टोपी उचलली आणि प्रसंग सावरायला हसून म्हणाले, "चला, हे एक बरं झालं. टोपी घातली का झाकून जाईन सारं."

"थांबा मामा," मनोज म्हणाला. "टोपी मंग घाला."

केशरबाईंनी तेच धरलं. "हो, थांबा. भागीरथाताई, त्या दिशी फोनवर तुमी म्हनल्या, पोरगं पडलंच नव्हतं. अन् फोन बंद झाला. मंग काय झालतं?"

भागीरथाबाईने पदर तोंडाला लावला. किसनराव घाईने बोलले, "अवं, ते जुनं हाये. विहिरीवर..."

"मी पडलो नव्हतो," मनोज म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. "मोगरा तोलताना चुकलो होतो. बाबानं अर्ध्या किलोचं वजन फेकून मारलं. थो त्याचा कोपरा हाये. मले मिरगी नाई. माहे केस बी नकली होते, पाहाले आलो तवा. ते बी बाबानंच उपटले, परवा."

किसनरावांची थप्पड वाजली तेव्हा शेवटचा शब्द अजून त्याच्या तोंडात होता. हात इतक्या जोरात फिरला की त्यांच्या खिशातून पॅच उडाला आणि पाटांच्या मध्ये पडला. केसाळ, काळा. एका म्हातारीने "उंदीर! उंदीर!" म्हणून किंकाळी फोडली आणि बायका उठून पळाल्या. कोणी हसलं नाही. किसनरावांनी दुसरी थप्पड मारली. तिसरी खपल्यांवर बसली आणि रक्त पुन्हा वाहू लागलं.

मनोजने बसल्या जागी पाटाची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. डोळ्यांसमोर पिंटूचं तोंड आलं, भिंत आली, मुठीतले तेलकट केस आले. तो पाट धरून राहिला.

चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा भागीरथाबाई मध्ये येऊन उभी राहिली. या वेळी तिने डोकं झाकलं नाही.

"मी बी नव्हती पडली," ती केशरबाईंना म्हणाली. "दात पडला तवा नाई. हात मोडला तवा नाई. कधीच नव्हती पडली मी."

मग मामा आणि दोन पुरुषांनी किसनरावांना धरून मांडवाबाहेर काढलं. ते शिव्या देत होते, लाथा मारत होते. एका लाथेने मांडवाचा खांब हलला. रस्त्यावर सोडल्यावर त्यांनी आधी खिशातून कंगवा काढला आणि विस्कटलेले केस मागे वळवले. मग गाडीत बसून ते एकटेच निघून गेले.

मांडवात प्रतीक्षा अजून आपल्या पाटावर होती.

"गच्चीवर खोटं बोललात तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"केसांचं जाऊ द्या. हाताचं."

"हो."

"शेवटी कोणाला मारलं?"

"बाबाले. त्याच्या आंधी बाजारात पिंटूले. दात पडला त्याचा. त्यानं मले टकल्या म्हटलं होतं."

"तेवढ्यावरून?"

"तेवढ्यावरून."

"बाईमाणसावर?"

"नाई. पण..." तो थांबला.  "परवा मी हात वर केला, तर आईनं डोक्सं झाकलं. तुमच्या वर्गातल्या थ्या पोरीवानी. मले पाहून."

प्रतीक्षाने खाली मान घातली. मामांनी खाली ठेवलेली टोपी केशरबाईंनी उचलून हातात धरली होती. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "खरं बोलला तो. मार खाल्ला, पण हात नाई उचलला."

"पाहिलं मी, आई. तो पाटही पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. पाटाच्या कडेची लाकडाची ढलपी निघून मनोजच्या तळव्यात घुसली होती. त्याला ते आत्ता कळलं.

"आज पाट होता," प्रतीक्षा म्हणाली. तिची शाळेतली भाषा सुटली. "रोज मी काय पाहाचं? की आज यांच्या हाताशी पाट हाये का नाई? नाई जमत मले ते. तुमी खरं सांगितलं, ते मी मानते. पण टोपी नका घालू आई. राहू दे." मग ती मनोजला म्हणाली, "थांबा असं मी म्हणत नाही. वाट पाहीन असंही नाही. फक्त त्या घरात परत जाऊ नका. तुम्हीही नका, आईही नको."

मनोजने मान हलवली. तिच्यावर राग आला का, हे त्याने स्वतःशी तपासून पाहिलं. आला नव्हता. छातीत दुखत होतं, पण तो राग नव्हता.

केशरबाईंनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.  निघताना त्यांनी भागीरथाबाईच्या मनगटावरची पट्टी बदलली आणि मनोजच्या डोक्याला हळद लावून दिली. पॅच कोणीतरी काठीने ढकलून फाटकाबाहेर टाकला होता. मनोज त्याच्या बाजूने निघून गेला.

अकोला स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी तो सवयीने म्हणाला, "बडनेरा, दोन." बडनेऱ्याला उतरलं की घर जवळ.

"नाई," मागून भागीरथाबाई म्हणाली. "चांदूर रेल्वे सांग."

चांदूर रेल्वेला तिचा भाऊ होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती तिथे राहायला म्हणून कधी गेली नव्हती.

गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर छपराची सावली पोहोचत नव्हती आणि अकोल्याचं ऊन सरळ डोक्यावर येत होतं. उघडी कातडी चरचरत होती. रुमालाने ती झाकावी असं मनोजच्या मनात आलं, पण रुमाल रक्ताने भरला होता. समोरून जाणारी माणसं व्रणाकडे पाहत होती. त्याने पाहू दिलं.

भागीरथाबाईने ते पाहिलं. त्याच्या डोक्यावर पदर धरावा म्हणून तिने हात वर केला.

मनोजचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. डोळे मिटले, मान खांद्यांत गेली.

क्षणभराने त्याला कळलं आपण काय केलं ते. तिलाही कळलं. तिने हात मागे घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. पदर धरून तो तसाच वर ठेवला आणि त्याचे हात खाली यायची वाट पाहत ती उन्हात बसून राहिली.